चंद्रावरचा 'बेली' आणि पॅरिसचा पहिला महापौर एकच का?

गच्चीवरची_दुर्बीण:

नमस्कार मंडळी,

परवा पौर्णिमेला दोन दिवस होते. गच्चीवर सहा इंची डॉब्सोनियन दुर्बीण लावली होती. एवढ्या उजळ चंद्रावर काय बघायचं, असं आमच्या गटात सगळेच म्हणतात. पण तेव्हा उजेड-अंधाराची रेघ पार पश्चिम कडेला गेलेली असते आणि कडेवरची विवरं फक्त त्या एकदोन रात्रीच धड दिसतात. आधी बुटाच्या तळव्यासारखं लांबट शिलर विवर सापडलं. तिथून कडेकडे नळी सरकवली तर एक एवढं मोठं, झिजलेलं मैदान आलं की ते विवर आहे हेच आधी कळेना. काठ जागोजागी तुटलेला आणि त्या काठावरच आणखी एक खोल विवर बसलेलं. नकाशात नाव मिळालं, बेली. व्यास सुमारे ३०० किलोमीटर, म्हणजे सरळ रेषेत मुंबई ते कोल्हापूर. आपल्याला दिसणाऱ्या बाजूवरच्या सगळ्यात मोठ्या विवरांपैकी एक.

खाली येऊन मोबाइलवर शोधलं तर हा बेली फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ, पॅरिसचा पहिला महापौर, आणि १७९३ साली गिलोटिनवर गेलेला! त्यानंतर झोप लागली नाही.

माझे प्रश्न असे. खग्रास ग्रहणात 'बेलीचे मणी' दिसतात तो हाच का? आकाश बघणारा माणूस महापौराच्या खुर्चीवर आला कसा? तिथे त्याने केलं काय? आणि लोकांनी त्याला मारलं का?

विचारायचं कारणही सांगतो. मी अठरा वर्षं एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात आहे. पहाटे साडेचारला वॉल्व्हमनचा फोन येतो, साहेब, टाकी भरली नाही. त्या क्षणी मला आकाशगंगा आठवत नाही. दोन्ही गोष्टी एका माणसाच्या डोक्यात कशा राहिल्या असतील, हे मला खरंच समजून घ्यायचंय. कुणी सविस्तर वाचलं असेल तर लिहा.

---

फत्तेपूर_९५:

मणीवाला बेली वेगळा. तो फ्रान्सिस बेली, इंग्रज, आधी शेअर दलाल होता. १८३६ च्या कंकणाकृती ग्रहणात चंद्राच्या काठावरच्या दऱ्यांमधून आलेले प्रकाशाचे ठिपके त्याने नीट वर्णन करून लिहिले, म्हणून त्याचं नाव. इंग्रजी स्पेलिंगमध्ये त्याला एक एल आणि तुमच्या विवरवाल्याला दोन. २४ ऑक्टोबर १९९५ ला फत्तेपूर सिक्रीला ते मणी मी डोळ्यांनी पाहिलेत. मोजून दोनतीन सेकंद, पण अजून विसरलो नाही.

महापौराबद्दल मला माहिती नाही. 'निळी शाई' ताई इथे असतील तर त्यांना विचारा, त्या फ्रेंचच्या आहेत.

---

निळी_शाई:

आहे, आहे. दादा, तुमच्या प्रश्नाने फार आनंद झाला. हा माणूस मी तीस वर्षं मनाशी धरून ठेवलाय.

आधी उच्चार. बेली नाही, 'बायी'. ज्याँ सिल्व्हाँ बायी. मी पुण्यात फ्रेंच शिकवायचे. दर १४ जुलैला वर्गात बास्तीयची (१७८९ ला पॅरिसच्या जमावाने घेतलेल्या तुरुंग-किल्ल्याची, आपण बॅस्टिल म्हणतो त्याची) गोष्ट व्हायची आणि १५ जुलैला मी मुद्दाम बायीची सांगायचे, कारण बास्तीय पडल्याच्या दुसऱ्या दिवशी हा महापौर झाला. आदल्या दिवशी संतापलेल्या जमावाने जुन्या नगरप्रमुखाला, फ्लेसेलला, नगरभवनाबाहेर ठार मारलं होतं. अशा खुर्चीवर दुसऱ्या दिवशी कोण बसेल?

बायी जन्मला १७३६ साली, लुव्रच्या राजवाड्यातच. वडील राजाच्या चित्रसंग्रहाचे रखवालदार, त्यामुळे घर तिथेच. तरुणपणी शोकांतिका लिहायच्या होत्या. मग लाकाय या खगोलशास्त्रज्ञाशी ओळख झाली आणि नाटकं राहिली बाजूला. १७५९ ला हॅलेचा धूमकेतू परत आला तेव्हा त्याच्या कक्षेचं गणित याने केलं. लुव्रमध्येच छोटी वेधशाळा थाटली आणि गुरूच्या चंद्रांवर वर्षानुवर्षं काम केलं. तुम्ही दुर्बीणवाले, म्हणून हे खास तुमच्यासाठी: गुरूच्या चंद्राची तेजस्विता मोजायला तो दुर्बिणीच्या तोंडावर लहान लहान भोकांच्या चकत्या लावत जायचा. ज्या भोकाला उपग्रह दिसेनासा होई, त्यावरून हिशेब. हीच त्याची वृत्ती. डोळ्याला 'अंधुक वाटतं' म्हणून सोडायचं नाही, किती अंधुक ते मोजायचं.

आता महापौरपणाच्या आधीचं त्याचं एक काम सांगते. माझ्या मते ते त्याच्या सगळ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम आहे, आणि त्याबद्दल फार कमी लोक बोलतात.

पॅरिसमध्ये ओतेल-दिय नावाचं गरिबांचं इस्पितळ होतं, नोत्र दामच्या शेजारी. १७७२ साली त्याला मोठी आग लागली. पुन्हा बांधायचं कुठे आणि कसं, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. शेवटी विज्ञान अकादमीने समिती नेमली. तीत लाव्हॉझिए, लाप्लास, कूलाँ असे नामवंत शास्त्रज्ञ आणि अहवाल लिहायला बायी. इस्पितळाच्या कारभाऱ्यांनी समितीला आतला तपशील द्यायचं नाकारलं. मग समितीतलाच शल्यविशारद टेनाँ, ज्याने आधीपासून स्वतः फिरून टिपणं काढली होती, त्याच्या आकड्यांवर काम झालं.

मोठ्या खाटेची रुंदी ५२ इंच. (फ्रेंच इंच, आपल्यापेक्षा किंचित मोठा.) एका खाटेवर चार रोगी, कधी सहा. बायीने सरळ भागाकार केला. चार असतील तर प्रत्येकाला १३ इंच. सहा असतील तर नऊ इंचही नाहीत. आता हाताची वीत पसरून बघा. एक वीत साधारण नऊ इंच. तेवढ्या जागेत आजारी माणसाने कुशीवर पडायचं, एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायाशी, वळायचं तर सगळ्यांनी एकदम वळायचं. बरा होत आलेला, तापाने फणफणलेला आणि मरायला टेकलेला एकाच पांघरुणात. मेलेला माणूस उचलून नेईपर्यंत शेजारी जिवंत माणूस. साडेचार रोग्यांमागे एक मरायचा. त्याच पॅरिसमध्ये शारिते नावाच्या इस्पितळात, जिथे खाटेला एक रोगी असे, साडेसातांमागे एक.

अहवाल वाचताना माझ्या घशात आवंढा आला होता. त्यात कुठेही आरडाओरडा नाही. खाटांची रुंदी आहे, माणसांची संख्या आहे, भागाकार आहे. हा माणूस गुरूच्या चंद्राला चकत्या लावून मोजत होता, त्याच डोळ्यांनी त्याने खाट मोजली. गावाबाहेर मोकळ्या हवेत चार इस्पितळं बांधा अशी शिफारस केली. पैसा नव्हता आणि मग क्रांती आली, म्हणून ती तशी बांधली गेली नाहीत. त्याच सुमारास गावातले कत्तलखाने बाहेर न्या, असाही अहवाल त्याने लिहिला. त्याआधी १७८४ ला मेस्मरच्या 'प्राणी चुंबकत्वा'ची तपासणी झाली, तिचाही अहवाल याचाच. त्या समितीत बेंजामिन फ्रँकलिन होते, लाव्हॉझिए होता, आणि ज्याच्या नावावरून पुढे गिलोटिन हे नाव पडलं तो डॉक्टर गियोताँही होता.

तुम्ही विचारलंत, आकाश बघणारा खुर्चीवर कसा आला. तो आकाशातून थेट खुर्चीवर नाही उतरला. त्याने इस्पितळाच्या खाटेवरून, खाटकाच्या नाल्यावरून शहर ओळखलं होतं आणि शहरानेही त्याला तिथेच ओळखलं होतं.

पुढचं भरभर सांगते. १७८९ च्या वसंतात राजाने सभा बोलावली, बायी पॅरिसकडून निवडून गेला आणि जूनमध्ये सामान्य प्रजेच्या प्रतिनिधींचा प्रमुख झाला. २० जूनला सभागृहाला कुलूप, बाहेर शिपाई, वरून पाऊस. सगळे जवळच्या एका टेनिससारख्या खेळाच्या बंदिस्त अंगणात जमले. बायी टेबलावर उभा राहिला आणि राज्यघटना होईपर्यंत पांगणार नाही अशी शपथ सर्वांत आधी त्याने घेतली. एकाच सभासदाने नकार दिला, मार्तँ-दोश नावाच्या. लोक त्याच्या अंगावर धावले. बायीने त्याला वाचवलं आणि कागदावर त्याच्या सहीपुढे 'विरोधी' हा शब्द तसाच राहू दिला. व्हर्सायमधल्या त्या दालनात मी उभी राहिले आहे. आत बायीचा पुतळा आहे, हात वर केलेला. आमच्या गटातले सगळे पुढे निघून गेले, मी तिथेच होते.

आणि मग १५ जुलै. पॅरिसची वस्ती सहा लाखांच्या घरात. चार पौंडी पावाची किंमत साडेचौदा सू (तेव्हाचं फ्रेंच नाणं), आणि अकुशल मजुराची दिवसाची कमाई वीस ते तीस सू. म्हणजे निम्मी किंवा त्याहून जास्त मजुरी पावात. दादा, तुमच्या पाण्याच्या टाकीच्या जागी त्याच्याकडे पिठाची कोठारं होती. त्याने आठवणी लिहून ठेवल्यात, त्यांत पानोपानी एकच धास्ती आहे: उद्या सकाळी बाजारात पाव असेल का? मध्यरात्र उलटली तरी पिठाच्या गाड्या कुठवर आल्यात याचा पत्ता नसायचा. वाटेत गावोगावचे लोक गाड्या अडवत, कारण तेही उपाशी. त्या वर्षी उन्हाळ्याअखेर नद्यांचं पाणी आटलं आणि पाणचक्क्या मंदावल्या. धान्य होतं, पण पीठ होईना. गुरूच्या चंद्राचं ग्रहण कधी लागेल हे मिनिटात सांगणाऱ्या माणसाला पिठाची गाडी केव्हा पोचेल हे सांगता येत नव्हतं. तरी तो रोज रात्री त्याच हिशेबाला बसला.

त्याच्या आयुष्यावरचा डाग कुठला, ती गोष्ट १७ जुलै १७९१ ची आहे. ती घाईत लिहिण्यासारखी नाही. नातवाची शाळा सुटायची वेळ झालीय, रात्री लिहिते.

---

गच्चीवरची_दुर्बीण:

ताई, शब्द नाहीत. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचून दाखवलं. आमचा वॉल्व्हमन म्हणाला, साहेब, त्याला पण झोप नव्हती म्हणा की. वीत पसरून आम्ही चौघांनी टेबलावर मोजून पाहिलं. नऊ इंचात माणूस मावत नाही.

रात्रीची वाट बघतो.

---

पंचांगवाले:

मंडळी, या बायीचा आपल्याशीही संबंध आहे, तो राहून जाऊ नये. १७८७ साली त्याने भारतीय ज्योतिषावर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्याकडे दक्षिण भारतातून मिशनऱ्यांनी पाठवलेली कोष्टकं होती, आणि ल जाँतीय या त्याच्या देशबांधवाने आणलेली तिरुवारूरची कोष्टकं. ल जाँतीय म्हणजे शुक्राचं अधिक्रमण (शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना दिसतो ते) बघायला पाँडिचेरीला आलेला तो अभागी माणूस. १७६१ चं अधिक्रमण त्याला हलत्या जहाजावरून बघावं लागलं, वेधाचा काही उपयोग झाला नाही. म्हणून आठ वर्षं पूर्वेकडेच थांबला आणि १७६९ ला ऐन वेळी ढग आले. पण मधल्या काळात तो तमिळ पंचांगकर्त्याकडून ग्रहणाचं गणित शिकला.

या कोष्टकांत कलियुगाचा आरंभ इ. स. पू. ३१०२ धरलेला. बायीचं म्हणणं, हे कल्पित नाही, तेव्हा कुणीतरी प्रत्यक्ष वेध घेतले असणार. म्हणून आमच्यातले बरेच जण त्याचं नाव अभिमानाने घेतात. मीही घेत होतो. पण खरं ते सांगायला हवं: लाप्लासने याचं खंडन केलं आणि लाप्लासच बरोबर होता. नंतरच्या काळातली ग्रहगती घेऊन मागे मागे मोजत जाऊन तो आरंभ ठरवलेला आहे. सगळे ग्रह एका रेषेत येतील असा क्षण शोधला, वेध घेतला नाही. यात आपल्या ज्योतिषांचं काही कमी होत नाही. इतकं मागे इतकं नेटकं मोजता येणं हेच त्यांचं कर्तृत्व.

---

निळी_शाई:

पंचांगवाले, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. त्याच्या चुका झाकून त्याच्यावर प्रेम करता येणार नाही. आता मोठी चूक.

जून १७९१ मध्ये राजा कुटुंबासह पॅरिसमधून पळाला आणि वारेनला पकडला गेला. राजाला ठेवायचा की नाही, यावर शहर तापलं. १७ जुलैला, रविवारी, शाँ द मार्सच्या मोकळ्या मैदानात लोक अर्जावर सह्या करायला जमणार होते. राजाला पदावरून दूर करा, असा अर्ज. मैदानात मधोमध लाकडी चौथरा होता, राष्ट्राची वेदी म्हणायचे त्याला. सकाळी त्या चौथऱ्याखाली दोन माणसं लपलेली सापडली. कसला तरी कट असणार, अशी आवई उठली आणि जवळच्या वस्तीतल्या जमावाने दोघांना ठार मारलं.

ही सकाळची गोष्ट. सह्यांसाठी लोक आले ते दुपारी. बायका होत्या, मुलं होती, रविवारचे चांगले कपडे घालून आलेले कारागीर होते. हजारो सह्या झाल्या. नगरपालिकेने आपले तीन सदस्य मैदानावर पाठवले. त्यांनी पाहिलं की सगळं शांत आहे, अर्ज वाचला, लोकांशी बोलले, परत येऊन तसं सांगितलं.

दादा, इथे मी दरवेळी थांबते. वेध हाती आलेला आहे. तीन माणसं स्वतःच्या डोळ्यांनी बघून आली आहेत. आणि गुरूच्या चंद्राला चकत्या लावणारा, खाटेची रुंदी मोजणारा माणूस तो वेध बाजूला ठेवतो. त्याच्या मनात सकाळचे दोन खून आहेत. वरून राष्ट्रीय सभेचा दाब आहे, कडक पावलं उचला म्हणून. नगरभवनावर लाल निशाण लागलं. तेव्हा लाल निशाणाचा अर्थ होता लष्करी कायदा, आताचा अर्थ पुष्कळ नंतरचा. संध्याकाळी निशाण घेऊन बायी स्वतः निघाला. सोबत सेनापती लाफायेत आणि त्याचं राष्ट्रीय रक्षकदल. मैदानावर दगड आले, एक गोळी सुटली. कायद्याने जमावाला तीनदा 'पांगा' म्हणून पुकारायचं होतं. ते पुकारे झालेच नाहीत. रक्षकदलाने बार काढले.

बायीने दुसऱ्या दिवशी सभेला मृतांचा आकडा अकराबारा सांगितला. इतरांनी पन्नासपर्यंत आणि त्याहून जास्त सांगितला. किती मेले हे आज कुणालाही ठामपणे सांगता येत नाही. ज्याने खाटांवरचे रोगी मोजले, त्याच्या कारकिर्दीतले मृत नीट मोजलेच गेले नाहीत. याचं मला फार दुःख होतं.

काही लोक म्हणतात, शास्त्रज्ञ होता, राजकारण जमलं नाही. मला हे पटत नाही. त्या दिवशी तो शास्त्रज्ञासारखा वागलाच नाही. वागला असता तर तीन जणांचा अहवाल पुन्हा एकदा वाचला असता, घोड्यावर बसून दुपारीच स्वतः मैदानात जाऊन आला असता. पॅरिसला त्या संध्याकाळी तोच जुना बायी हवा होता, अहवालवाला.

नोव्हेंबरमध्ये त्याने पद सोडलं, पेतिओं महापौर झाला. बायी नाँतला गेला, आठवणी लिहीत बसला. १७९३ मध्ये लाप्लासकडे आसरा घ्यायला मेलँला निघाला. पुढच्या पिढीतला खगोलशास्त्रज्ञ आरागो याने लिहिलेल्या चरित्रात आहे, की लाप्लासच्या पत्नीने पत्र पाठवलं होतं, घराला फार ओल आहे, येऊ नका. ती ओलीची नव्हे, धोक्याची सूचना होती. क्रांतिकारी सैन्याची तुकडी गावात आली होती. बायी तरी गेला. ओळखला गेला, पकडला गेला.

राणीच्या खटल्यात त्याला साक्षीला उभं केलं. तिच्याविरुद्ध त्याच्याकडून हवं ते वदवून घेता आलं असतं तर कदाचित तोही सुटला असता. तो खोटं बोलला नाही. महिनाभरात त्याचाच खटला झाला आणि १२ नोव्हेंबरला शिक्षा. जागा मुद्दाम निवडली, शाँ द मार्स. तिथे पोचल्यावर काहींनी हरकत घेतली, या पवित्र मैदानावर याचं रक्त नको. मग गिलोटिन सुटं केलं, नदीकडच्या बाजूला उकिरड्याजवळ नेलं आणि पुन्हा जोडलं. सत्तावन्न वर्षांचा म्हातारा तेवढा वेळ थंडीत, पावसात उभा. त्याच्यासमोर लाल निशाण जाळलं. कुणीतरी म्हणालं, थरथरतोयस, बायी? तो म्हणाला, थंडीने.

हे वर्गात सांगताना मला कधीच पुढे बोलता यायचं नाही. मुलं आपापल्या वह्या मिटायची.

---

खाडीपलीकडून:

मी इथे कॅलिफोर्नियात बर्कलेजवळ असते. ताई, तुमचं वाचून मेक्सिकोच्या क्लाउडिया शेनबॉम आठवल्या. पदवीला भौतिकशास्त्र. पदवीचा प्रबंध ग्रामीण मेक्सिकोतल्या लाकडाच्या चुलींवर, धूर कमी आणि जळण कमी लागावं म्हणून. पीएचडी ऊर्जा अभियांत्रिकीत आणि तिचं संशोधन आमच्या इथल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत. हवामानबदलाच्या आंतरसरकारी समितीच्या अहवालांतही काम. २०१८ ला मेक्सिको सिटीच्या प्रमुख झाल्या, ऑक्टोबर २०२४ पासून देशाच्या राष्ट्राध्यक्ष.

३ मे २०२१ ला तिथल्या मेट्रोच्या १२ नंबरच्या मार्गावरचा पूल गाडीसकट कोसळला, २६ माणसं गेली. मार्ग बांधला होता आधीच्या राजवटीत. शेनबॉमबाईंच्या सरकारने चौकशीला नॉर्वेची एक संस्था नेमली. पहिल्या अहवालांत बांधकामातले दोष आले, खराब वेल्डिंग वगैरे, ते मान्य झाले. शेवटच्या अहवालात देखभाल आणि तपासणीतल्या त्रुटी आल्या, म्हणजे बोट त्यांच्याही कारकिर्दीकडे. तो त्यांनी फेटाळला. हितसंबंधांचा संघर्ष आहे असं त्यांचं म्हणणं. मी त्यांची चाहती आहे, चुलींच्या कामाची तर फारच. पण तेव्हा मला वाईट वाटलं होतं आणि का वाटलं ते आज तुमचं वाचून कळलं.

---

निळी_शाई:

बाळा, चुलीचं मला माहीत नव्हतं. माझी आजी शेवटपर्यंत चुलीपुढे खोकायची. ते काम कुणी पदवीसाठी निवडतं, हे ऐकूनच त्या बाईंबद्दल आदर वाटला. आणि दुसरं तू लिहिलंस तेही मनात ठेवते.

दादा, आता माझी एक विनंती. मी याच्याबद्दल इतकं वाचलं, शिकवलं, व्हर्सायला जाऊन आले, पण दुर्बिणीतून चंद्र एकदाही पाहिलेला नाही. पुढच्या वेळी तो दिसेल तेव्हा सांगाल का? माझ्या मुलाकडे लहानशी दुर्बीण आहे, तीन इंची. कुठे बघू?

---

गच्चीवरची_दुर्बीण:

ताई, तीन इंची पुरे. पौर्णिमेच्या आदल्या दोन रात्री पकडा, चंद्र चांगला वर आल्यावर. दक्षिणेकडे टायको सापडेल, ज्याच्यातून पांढऱ्या रेघा फुटलेल्या असतात. तिथून नैऋत्य कडेकडे निघा. वाटेत बुटासारखा शिलर लागेल. शिलरवरून सरळ कडेला जा आणि अगदी काठावर थांबा. दुर्बिणीत उलटं दिसतं, तेव्हा दिशा आधी नकाशाशी ताडून घ्या. चंद्र थोडा डोलतो, एखाद्या महिन्यात ती कड आपल्याकडे जास्त वळलेली असते, एखाद्यात जवळजवळ लपते. पुढच्या तीन महिन्यांच्या तारखा काढून उद्या इथेच टाकतो.

माझ्या नकाशात 'बेली' खोडून पेन्सिलीने 'बायी' लिहिलंय. आणि तुम्ही पुण्यातच असाल तर मुलाच्या दुर्बिणीवर थांबू नका. मी सहा इंची गाडीत घालून घेऊन येतो, पुण्याला महिन्यातून एकदा पाइपांच्या खरेदीसाठी यावंच लागतं.